कराओकेसाठी ‘इको’ मशीन घेताय? इफेक्ट मोजण्याआधी सॉकेट पाहा

नांदेड/लातूर : घरचा वाढदिवस असो की हौशी गायकांची मैफल, मोबाइलवर ट्रॅक लावून गाणारे आता गावोगावी आहेत. भजनी मंडळांच्या पेटी-तबल्यालाही माइक लागतात. इफेक्ट प्रोसेसर घेताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘यात इफेक्ट किती?’ त्याआधी दोन गोष्टी ठरवल्या तर पैसे वाया जात नाहीत.

काय जोडणार?

माइकचा सिग्नल फार क्षीण असतो. त्यामुळे प्रीअँप आणि तीन पिनांचे एक्सएलआर सॉकेट हवे. फक्त गिटारसाठी बनवलेले पेडल इथे उपयोगाचे नाही. कंडेन्सर माइक असेल तर ४८ व्होल्टचे फँटम पॉवर बटण पाहा. अकूस्टिक गिटारला साधा पिएझो पिकअप असेल तर इनपुट किमान १ मेगाओहमचे घ्या, नाहीतर आवाज पातळ येतो. पेटी, तबला आणि गायक एकत्र असतील तर इफेक्ट असलेला छोटा मिक्सरच सोयीचा. उदाहरणार्थ, यामाहाच्या ‘एमजी१०एक्सयू’मध्ये २४ इफेक्ट आणि फँटम पॉवर आतच आहे.

कुठे गाणार?

फरशी आणि सिमेंटच्या भिंतींचे मंगल कार्यालय मुळातच घुमते. तिथे रिव्हर्ब वाढवला की शब्द एकमेकांत मिसळतात. माळेगाव यात्रेसारख्या मोकळ्या मैदानात आवाज परतवायला भिंतीच नसतात. तिथे थोडा रिव्हर्ब गोडवा आणतो. म्हणून इफेक्ट कमी-जास्त करणारे स्वतंत्र बटण हवेच. निवेदन सुरू होताच इको बंद करता यावा, यासाठी फूटस्विचची सोय असेल तर उत्तम.

हे टाळा

● गाणाऱ्याचा आवाज ब्लूटूथ स्पीकरवर नेऊ नका. तो साधारण ०.१ ते ०.२ सेकंद मागे पडतो आणि ताल चुकतो. वायरच वापरा.
● माइक शिट्टी मारत असेल तर इको वाढवून ती थांबत नाही, उलट वाढते. स्पीकर माइकच्या पुढे ठेवा, त्याचे तोंड श्रोत्यांकडे करा.

दुकानात अशी करा चाचणी

स्वतःचा माइक सोबत न्या. सगळे इफेक्ट बंद ठेवून एक कडवे गा. खरखर ऐकू आली तर ते मशीन तिथेच ठेवा. आवाज स्वच्छ असेल तरच रिव्हर्ब हळूहळू वाढवा. शब्द पुसट होऊ लागले की थोडे मागे या. तुमच्यासाठी तेवढाच इफेक्ट पुरेसा आहे.