चातुर्मासाच्या विसांव्यानंतर घोडा कामास कसा लावावा

मृगाचा पाऊस पडून वाटा चिखलाच्या झाल्या म्हणजे आपल्याकडील खेड्यांतून घोडा बहुधा ठाणावर बांधला जातो आणि दसऱ्यास एकदम बाहेर निघतो. कोणी त्यास मिरवणुकीसाठीं सजवितो, कोणी टांग्यास जोडतो, कोणी पुढें सारंगखेड्याच्या किंवा माळेगांवच्या यात्रेंत दाखविण्यासाठीं तयार करूं लागतो. चार महिने उभ्या असलेल्या जनावराकडून पहिल्याच आठवड्यांत पूर्वींइतकें काम घेण्याची जी चाल पडली आहे, तिच्यामुळें किती चांगलीं जनावरें कायमचीं लंगडीं होतात, हें ज्यानें पाहिलें असेल त्यास या विषयाचें महत्त्व सांगावयास नको.

पावसाळी विसांव्याची रीत आपल्या देशांत जुनी आहे. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासद यांनीं लिहिलेल्या बखरींत शिवाजी महाराजांच्या लष्कराची व्यवस्था दिली आहे. पावसाळ्यांत लष्करानें छावणीस यावें, घोड्यांसाठीं दाणा, वैरण व औषधें सिद्ध असावीं, पागा गवतानें शाकारलेल्या असाव्या, आणि दसरा होतांच कूच करावें, असा तींत क्रम आहे. तेव्हां विसांवा हा दोष नव्हे. विसांव्यांत भारी चंदी चालू ठेवणें आणि त्यानंतर घाई करणें, हे खरे दोष होत.

हा धडा मला स्वतःच्या चुकीनें मिळाला. आमच्या घरीं एक भीमथडी घोडी होती. ती पावसाळाभर उभीच असे. परंतु मुक्या जिवाचें तोंड बांधूं नये, या समजुतीनें तिची दोन किलो हरभऱ्याची चंदी मीं एक दिवसही तोडली नाहीं. दसऱ्याच्या सकाळीं ती ठाणावर नाचत होती. तिची हौस पाहून मीं तिला टांग्यास जोडलें व दुडक्या चालीनें सोडलें. तीनएक किलोमीटर जातांच ती घामानें निथळूं लागली, मागचे पाय ओढूं लागली आणि रस्त्यावरच खिळून उभी राहिली. पुठ्ठे हातास लाकडासारखे टणक लागत होते. पोटशूळ असावा, असें समजून मीं तिला लगाम धरून आणखी चालविलें. ही दुसरी चूक. सायंकाळीं तिचें मूत्र कॉफीच्या रंगाचें उतरलें, तेव्हां पशुवैद्यांनीं खरा रोग सांगितला. घोडी वांचली, पण तें वर्ष तिनें ठाणावरच काढलें.

विलायतेंत ओझ्याच्या गाड्या ओढणारे घोडे रविवारीं पुरी चंदी खाऊन उभे राहत व सोमवारीं कामास निघतांच असेच आखडत; म्हणून तेथें या रोगास सोमवारचा रोग म्हणूं लागले. श्रमाविना मिळालेली भारी चंदी आणि मागून एकाएकीं पडलेला श्रम यांमुळें स्नायूंचे तंतु फुटतात, त्यांतील तांबूस द्रव्य रक्तांत उतरतें व मूत्रपिंडांस इजा करतें. असें झाल्यास घोडा असेल तेथेंच थांबवावा, एक पाऊलही चालवूं नये. खोगीर उतरावें, कमरेवर कांबळें घालावें, पुढें पाणी ठेवावें व पशुवैद्यांस बोलवावें. वेदनाशामक औषध आपल्या मतानें देऊं नये.

दुसरें कारण याहून गुप्त आहे. श्रमानें घोड्याचा दम कांहीं आठवड्यांतच परत येतो. स्नायुही बऱ्याच लवकर भरतात. परंतु पायाच्या नळीमागील दोरीसारख्या कंडरा आणि हाडें यांस पूर्ववत् बळ येण्यास महिनेच्या महिने लागतात. यामुळें घोडा धांवावयास तयार दिसतो, पण त्याचे पाय तयार नसतात. त्याची हौस ही तयारीची खूण मानूं नये, हें या लेखाचें सार समजावें.

काम सुरू करण्यापूर्वीं चार गोष्टी पाहाव्या. नालबंदाकडून खूर तासून घ्यावे. दाढांस धार आली असल्यास ती घासवून घ्यावी, नाहींतर घोडा वैरण नीट चावत नाहीं. धनुर्वाताची लस राहिली असल्यास टोंचवावी. पावसाळ्यांत घोडा खाऊनपिऊन रोडावला असेल व ताप येऊन जात असेल, तर रक्त तपासून घ्यावें. चावणाऱ्या माशा या दिवसांत सर्रा रोग पसरवितात. त्याचे जंतु ग्रिफिथ इव्हान्स यांनीं १८८० सालीं डेरा इस्माईलखान येथें घोड्यांच्या व उंटांच्या रक्तांत पाहिले. अशा घोड्यास श्रम दिल्यास तो अधिकच खचतो.

यानंतर आठ आठवड्यांचा क्रम धरावा. पहिले दोन आठवडे केवळ पायचाल: सपाट, टणक वाटेवर प्रथम २० मिनिटें, पुढें वाढवीत ४५ मिनिटें. तिसऱ्या व चौथ्या आठवड्यांत तासभर चालवून मध्यें दोन-दोन मिनिटें दुडकी द्यावी. पांचव्या व सहाव्यांत दुडकी वाढवून सौम्य चढ घ्यावा. सातव्या-आठव्यांत थोडी धांव व निम्मा भार. पूर्ण भार व भरधाव यांची वेळ त्यानंतरची. आठवड्यांतून एक दिवस काम हलकें ठेवावें. त्या दिवशीं चंदी निम्मी करावी, पण घोडा कोंडून न ठेवतां हातीं धरून फिरवावा. आपले धनगर बांधव दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड तट्टावर लादून निघतात. मेंढरांच्या चालीनें चालावें लागत असल्यामुळें त्यांच्या तट्टांस पहिले दिवस आपोआपच सोपे जातात.

चंदी कामाच्या मागून चालावी, पुढें नव्हे. ठाणावर असतां ३०० किलो वजनाच्या तट्टास सुमारें सहा किलो कोरडी वैरण, मीठ व पाणी पुरे. काम वाढेल तशी चंदी वाढवावी. पण तीन-चार दिवसांत पाव किलोहून अधिक नको.

रोज सकाळीं खरारा करतांना चारही नळ्यांवरून हात फिरवावा. एखादी नळी ऊन किंवा सुजलेली लागल्यास त्या दिवशीं काम बंद. पाठ व तंगाची जागा पाहावी. विसांव्यानें कातडी नरम पडलेली असते व लवकर सोलते. विसांव्यांतील घोड्याची नाडी मिनिटास २८ ते ४४ पडते. ती जबड्याच्या कडेखालीं बोटांस लागते. काम थांबविल्यावर पंधरा मिनिटांत ती ६० च्या खालीं न आल्यास काम अधिक झालें असें समजून दुसऱ्या दिवशीं कमी करावें.

नारळी पौर्णिमेपासून दसऱ्यापर्यंत सुमारें आठ आठवडे होतात. ज्यास दसऱ्याला घोडा हवा असेल त्यानें नारळ वाहिल्याच्या दुसऱ्या दिवशीं, पावसाची उघडीप पाहून, तो ठाणावरून सोडावा व स्वतः लगाम धरून वीस मिनिटें चालावें. दसऱ्यापर्यंत ज्यास तेवढी सवड झाली नाहीं, त्यानें आपट्याचीं पानें पायींच आणावीं; घोडा पुढच्या वर्षींही हवा आहे, हें विसरूं नये.