वाकलेल्या पट्टीचा ताठपणा

भवानीनगरसारख्या साखर कारखान्याच्या गावात गाळप हंगाम सुरू झाला की ऊसतोड मजुरांच्या कोप्या दिसू लागतात. बांबूच्या कामट्या वाकवायच्या, टोकं जमिनीत रोवायची, वर चटई नाहीतर ताडपत्री. जर्मनीतल्या श्टुटगार्ट विद्यापीठात २०१० साली उभारलेल्या प्रायोगिक मंडपाचं मूळ तत्त्व हेच होतं. त्यात ६.५ मिलिमीटर जाडीच्या बर्च प्लायवुडच्या पट्ट्या होत्या आणि ५०० हून अधिक तुकड्यांपैकी प्रत्येकाचा आकार निराळा होता. वाकवलेली पट्टी सरळ व्हायला बघते, शेजारची तिला अडवते, आणि या ओढाताणीतून मंडप ताठ राहतो.

पट्टी वाकली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. ताण किती, हे काढायला जाडीला वाकाच्या त्रिज्येच्या दुपटीने भागायचं. १ मीटर त्रिज्येत वाकवलेली १० मिलिमीटरची पट्टी ०.५ टक्का ताणली जाते. २० मिलिमीटरची १ टक्का, आणि तिथे कोरडं लाकूड तुटायच्या बेतात येतं. वाफेने तंतूंना बांधणारं लिग्निन मऊ होतं आणि लाकूड जास्त वाकतं.

यातलं मला सर्वांत सुंदर वाटतं ते दोन पट्ट्यांचं गणित. एकीवर एक सुट्या ठेवून वाकवल्या तर दुप्पटच जोर लागतो, कारण त्या एकमेकींवरून सरकतात. वाकवल्यावर सरकणं पक्कं थांबवलं, की तीच जोडी एका पट्टीच्या जवळजवळ आठपट ताठ होते. जर्मन वास्तुकार फ्राय ओटो यांच्या मानहाइममधल्या १९७५ च्या सभागृहात लाकडी पट्ट्यांची सपाट जाळी आधी उचलून आकारात आणली, मग बोल्ट आवळले.

कमान मात्र पाय फाकवू पाहते. भवानीनगरच्याच जिल्ह्यातल्या भाजे लेण्याच्या चैत्यगृहात खांब आत कललेले आहेत. फाकणं रोखायची लाकडी इमारतीतली ही युक्ती कारागिरांनी दगडातही जपली, आणि छताला लाकडी कमानी लावल्या.

भवानीनगरला असा मंडप उभारायचा तर तो आईबापांबरोबर आलेल्या मुलांच्या साखरशाळेसाठी असावा, असं मला मनापासून वाटतं. हंगाम संपला की बोल्ट सैल करायचे, पट्ट्या ट्रॉलीत रचायच्या. पण महिनोन्‌महिने वाकून राहिलेलं लाकूड सोडल्यावर पूर्ण सरळ होत नाही, थोडा बाक उरतोच. तो मोजून पुढच्या हंगामाची मापं काढावी लागतील.