भरधाव पाठलाग आणि नागरिकांचा शब्द

गुन्हा करून मोटारीतून पळणाऱ्या माणसाच्या मागे पोलिसांनी लागावे की नाही? ‘लागलेच पाहिजे’ असे उत्तर आपल्या ओठांवर चटकन येते. पोलीस पाठलाग करणार नाहीत असे कळले, तर कायद्याला भीक कोण घालील? परंतु दोन मोटारी भर वस्तीतून बेफाम धावू लागल्या, म्हणजे चौकात तिसऱ्याच माणसाचा जीव जातो. अमेरिकेत अशा पाठलागांत दरवर्षी शेकडो माणसे प्राणास मुकतात. त्यांत पळणाऱ्याशी काडीचाही संबंध नसलेले वाटसरूही असतात. यावर तेथील नागरिक काय उपाय करू शकतात, ते आज पाहू.

प्रथम न्यायालयांची भूमिका ध्यानात घ्यावी. पाठलागात मृत्यू घडला, तरी पोलिसाचा हेतू इजा करण्याचा नव्हता तर घटनात्मक हक्काचा भंग झाला असे मानता येत नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली ठरविले. पळणाऱ्याच्या धावण्याने इतरांच्या जिवास धोका असेल, तर त्याची मोटार धडक देऊन थांबविणेही गैर नाही, असा निर्णय २००७ साली झाला. तेव्हा घटनेच्या आधारे दाद मागण्याची वाट अरुंद आहे. पाठलाग केव्हा करावा हे मुख्यतः पोलीसदलाच्या लेखी नियमांवर आणि राज्याच्या कायद्यावर अवलंबून असते. नागरिकांचा हात पोहोचतो तो तेथेच.

कॅलिफोर्नियातील चिको शहराचे उदाहरण घ्या. २००२ च्या जानेवारीत एक अल्पवयीन मुलगी आईची मोटार न विचारता घेऊन निघाली. ती कोण हे पोलिसांना ठाऊक होते. तरीही पाठलाग झाला. तिची मोटार एका कुटुंबाच्या गाडीवर आदळून त्यातील पंधरा वर्षांची मुलगी दगावली. त्या काळी तेथील कायदा असा होता, की पोलीसदलाने पाठलागाचे नियम लिहून ठेवले म्हणजे पळणाऱ्या मोटारीने केलेल्या हानीच्या भरपाईतून दल मुक्त होई. नियम कोणी पाळतो की नाही हे विचारले जात नसे. २००२ सालीच तेथील एका अपील न्यायालयाने याविषयी खेद व्यक्त करून विधिमंडळाला फेरविचार करण्यास सुचविले होते. मृत मुलीच्या आईवडिलांनी विधिमंडळाचे दार सतत ठोठावले. पाठलागावर त्यांना हवा तितका निर्बंध आला नाही. तथापि २००५ साली कायदा सुधारला आणि जुलै २००७ पासून लेखी नियमांबरोबर दरवर्षी पोलिसांना शिक्षण देणेही भरपाईतून सुटण्यासाठी आवश्यक झाले.

मग सामान्य नागरिकाने आरंभ कोठून करावा? आपल्या शहराचे नियम मागवून वाचण्यापासून. आपल्याकडे २००५ चा माहितीचा अधिकार आहे, तसे कायदे तेथील राज्यांतही आहेत. वाचताना चार गोष्टी पाहाव्या : कोणत्या गुन्ह्यासाठी पाठलाग करता येतो, त्यावर वरिष्ठाची देखरेख असते काय, तो केव्हा सोडून द्यावयाचा, आणि नंतर चौकशी होते काय. गेल्या काही वर्षांत किती पाठलाग झाले, कशासाठी झाले आणि किती अपघातात संपले, हेही विचारावे. आकडे हाती असले म्हणजे सभेत बोलणे पोकळ राहत नाही.

पुढची पायरी म्हणजे नियम बदलण्याचा अधिकार कोणाचा, हे शोधणे. अमेरिकेत सुमारे १८,००० निरनिराळी पोलीसदले आहेत. त्यामुळे कोठे पोलीसप्रमुख, कोठे नगरसभा, तर कोठे नागरिकांचा आयोग हे ठरवितो. मिल्वॉकी शहरात २०१७ साली अशाच आयोगाने पोलीसप्रमुखांना पाठलागाचे नियम सैल करण्यास भाग पाडले. अधिकार कोणाचा हे कळल्यावर मागणी नेमक्या शब्दांत मांडावी. ‘अपघात थांबवा’ म्हटल्याने कोणी बांधला जात नाही. ‘हिंसक गुन्ह्याचा संशय असेल आणि तो माणूस पुन्हा हिंसा करील असा तातडीचा धोका असेल, तरच पाठलाग करावा’ हे वाक्य नियमात घालता येते. पोलीस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरम या संस्थेने २०२३ साली हीच शिफारस केली. ती संस्था पोलीस अधिकाऱ्यांचीच असल्याने तिच्या शब्दाला वजन आहे.

मात्र दुसरी बाजू ऐकल्यावाचून केलेला बदल टिकत नाही. वॉशिंग्टन राज्यात २०२१ साली पाठलागावर कडक निर्बंध आले. चोर बेधडक पळू लागले, अशी तक्रार पोलिसांनी व अनेक नागरिकांनी केली. २०२३ साली निर्बंध थोडे सैल झाले. त्यानेही समाधान न झालेल्यांनी लाखो सह्या गोळा करून आपला प्रस्ताव विधिमंडळापुढे नेला आणि मार्च २०२४ मध्ये तो मंजूर झाला. कायद्याचा वाजवी संशयित भंगही आता पाठलागास पुरतो. पाठलाग न करण्यापेक्षा करण्यात धोका कमी असावा, ही अट मात्र राहिली. ज्यांची मोटार चोरीस गेली तेही नागरिकच, आणि चौकात ज्यांचे मूल गेले तेही नागरिकच. दोघांनाही समोरासमोर बसविल्यावाचून नियमाला स्थैर्य येत नाही.

म्हणून नियम बदलला त्या दिवशी काम संपले असे मानू नये. वर्षाने पुन्हा आकडे मागवावे, पुन्हा सभेत उभे राहावे. कागदावरचा नियम रस्त्यावर उतरतो की नाही, हे पाहणारा कोणीतरी गावात असावा लागतो.