दंतशुभ्रीकरणानंतरचा दंतहर्ष : काही व्यवहार्य विचार

लग्नसराई जवळ आली की आमच्या चिकित्सालयात गेल्या काही वर्षांपासून एक ठरावीक तक्रार ऐकू येते. दातांना कीड नाही, हिरड्यांना सूज नाही. तथापि थंड पाण्याचा घोट घेताच, किंवा तोंडाने श्वास आत ओढताच दातांतून कळ निघते. दोन-तीन प्रश्न विचारले की उलगडा होतो. आठ-दहा दिवसांपूर्वी दात पांढरे करवून घेतलेले असतात, किंवा विकत आणलेल्या पट्ट्या घरच्या घरी चिकटविलेल्या असतात. घरी केलेला उद्योग दंतवैद्यास सांगण्याचा रुग्णास संकोच वाटतो. म्हणून तो प्रथम आपल्याकडे अथवा औषधी विक्रेत्याकडे येतो. यास्तव या विषयाची माहिती उभयतांस असणे अगत्याचे आहे.

शुभ्रीकरणाचे द्रव्य बहुधा हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कार्बामाइड पेरॉक्साइड असते. १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडपासून सुमारे ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मुक्त होते. दातांवर साचा बसवून रात्री हे जेल वापरण्याची पद्धत १९८९ मध्ये हेवूड व हेमन यांनी प्रसिद्ध केली. दंतचिकित्सालयात मात्र ३५ ते ४० टक्क्यांपर्यंतचे तीव्र द्रावण वापरले जाते. पेरॉक्साइडचा रेणू अत्यंत लहान असल्याने तो दंतवल्क व दंतिन ओलांडून काही मिनिटांतच दंतमज्जेपर्यंत पोहोचतो व तेथे क्षोभ उत्पन्न करतो. शिवाय या क्रियेत दातांतील ओलावाही कमी होतो. पहिल्या दिवशी दात जरा अधिकच पांढरे दिसतात, त्याचे एक कारण हा कोरडेपणाच होय. आधीच झिजलेले दात व उघडी पडलेली मुळे असतील तर दंतिनातील सूक्ष्म नलिकांमधून थंड स्पर्शाची संवेदना सहज आत जाते. बहुतांश रुग्णांत ही पीडा सौम्य असते आणि द्रव्य थांबविल्यावर काही दिवसांत आपोआप शमते. ही गोष्ट आपण विसरता कामा नये. अन्यथा काळाने झालेल्या उपशमाचे श्रेय आपल्या औषधास देण्याचा मोह होतो.

आपल्या ग्रंथांत पेरॉक्साइड शोधीत बसण्याचे प्रयोजन नाही. परंतु लक्षणसमुच्चय मात्र सुश्रुताचार्यांनी आठ दंतगत रोगांत वर्णिलेल्या दंतहर्षाचाच आहे. स्पर्श व शीत यांची असहिष्णुता हे त्याचे लक्षण. अम्लरसाच्या अतिसेवनाने दात आंबतात, हे चरकसंहितेतही आले आहे. तीक्ष्ण द्रव्याचा आघात, रूक्षता आणि त्यातून वातप्रकोप अशी संप्राप्ती आम्ही मानतो व त्यानुसार स्नेहनास अग्रस्थान देतो. सुश्रुतांनी दंतहर्षात कोमट स्नेहाचे कवल, वातघ्न द्रव्यांचे काढे, स्निग्ध भोजन, दूध, साय व घृत सांगितले आहे. नस्य व शिरोबस्तीचाही तेथे उल्लेख आहे; तथापि चार दिवसांच्या पीडेसाठी शिरोबस्ती योजणे आम्हास अतिरेकी वाटते. कोमट तिळतेलाचा कवल दिवसातून दोनदा, काही मिनिटे धरून थुंकून टाकावयास सांगावा. ज्यांचे जेल चालू आहे त्यांनी साचा काढून चूळ भरल्यावरच तेल वापरावे, आधी नव्हे. अनुभव असा की याने मुखाची रूक्षता व हिरड्यांची चुणचुण लवकर कमी होते. दातांतील कळ मात्र प्रत्येकात तितक्याच त्वरेने थांबत नाही. तेथे ५ टक्के पोटॅशियम नायट्रेटयुक्त पेस्ट मऊ ब्रशने सुचविण्यात आम्हास कमीपणा वाटत नाही. तिचा पूर्ण परिणाम दिसण्यास दोन ते चार आठवडे लागू शकतात, हे रुग्णास आधीच सांगावे.

पथ्याच्या बाबतीत सुश्रुतांचा उपदेश आजही जसाच्या तसा लागू पडतो : आंबट फळे, थंड पाणी, रूक्ष अन्न, दंतधावन व अतिकठीण पदार्थ वर्ज्य. आजच्या रुग्णास दात घासणे पूर्णपणे सोडावयास सांगता येत नाही, म्हणून मऊ ब्रश व हलका हात एवढे तरी पाळावे. कोकणातील आमच्या एका रुग्णेने शीतपेये कटाक्षाने टाळली, पण थंडगार सोलकढी दोन्ही वेळा चालूच ठेवली होती! ती पथ्यातली आहे, अशी तिची समजूत.

आता आमच्याच हातून घडलेली चूक. काही वर्षांपूर्वी एक तरुण शुभ्रीकरणानंतरच्या कळांसाठी आला. पूर्ववृत्त ऐकताच आम्ही दंतहर्षाचे निदान केले व कवल देऊन त्यास परत पाठविले. दुखणे एकाच दाढेत आहे, रात्री ठणकते आणि गरम चहानेही वाढते, हे तो सांगत होता. आम्ही ते ऐकले, पण मनावर घेतले नाही. आठ दिवसांनी गाल सुजवून तो दंतवैद्याकडे गेला. जुन्या भरावाखाली कीड होती व तिच्यातून पेरॉक्साइड आत झिरपले असावे, असे दंतवैद्याचे मत पडले. दाढ वाचली, परंतु मूळनलिकेची चिकित्सा करावी लागली. शुभ्रीकरणाची कळ बहुधा अनेक दातांत, क्षणिक व थंडाने येणारी असते. एकाच दातात, टिकून राहणारी, रात्री जागविणारी वा चावताना उठणारी वेदना असेल, तर स्नेह बाजूला ठेवून रुग्णास त्याच दिवशी दंतवैद्याकडे पाठवावे.

औषधी विक्रेत्यांसाठी दोन शब्द. अशा रुग्णास खरखरीत दंतमंजन देऊ नये, मग ते वनस्पतिज असो वा कोळशाचे. लिंबू-मीठ चोळण्याचा घरगुती सल्ला तर आपल्यापैकीही काहीजण देतात. लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५ च्या आसपास असतो आणि दंतवल्क सुमारे ५.५ च्या खालीच विरघळू लागते. तेव्हा त्याने दात शुभ्र होण्याऐवजी झिजतात. निव्वळ लवंगतेल हिरडीस लागल्यास दाह होतो, म्हणून त्याचा बोळा सरसकट देऊ नये. युरोपीय संघात २०१२ पासून ०.१ ते ६ टक्के पेरॉक्साइडची शुभ्रीकरण उत्पादने दंतवैद्यामार्फतच व १८ वर्षांवरील व्यक्तीसच देता येतात. आपल्या फळीवरील पट्ट्या विकताना निदान ग्राहकाचे वय, किडके दात आणि गर्भावस्था यांविषयी विचारणा करावी.

पीडा शमल्यावर रुग्ण पुन्हा शुभ्रीकरण करू का, असे विचारतोच. दंतवैद्याची संमती असल्यास दिवसाआड, कमी वेळ व सौम्य द्रव्याने करावे. टोपी किंवा भराव यांचा रंग याने पालटत नाही, हेही तेव्हाच सांगून ठेवावे. पुढील दातावर टोपी असलेले रुग्ण यावर बहुधा विचार बदलतात.