धुराची नळी तडकते कुठे?

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. सातपाटीच्या बोटी या काळात शाकारलेल्या असतात. जाळी दुरुस्त होतात, रंग लागतो, इंजिनं उघडली जातात. धुराच्या नळीची पाळी शेवटी येते. भोक दिसलं, वेल्डर आला, ठिगळ लागलं. आणि हंगाम अर्ध्यावर येतो तोच नळी ठिगळाशेजारी पुन्हा तडकते.

याचा दोष वेल्डरच्या हाताला देणं मला पटत नाही. दोन मीटर लांबीची लोखंडी नळी ४०० अंश सेल्सियसने तापली, तर जवळजवळ एक सेंटिमीटर लांबते. इंजिन निवलं की तेवढीच आखडते. भार ओढणाऱ्या डिझेल इंजिनाचा धूर एवढा गरम सहज असतो. आता खाली इंजिनाला आणि वर केबिनच्या छताला नळी घट्ट आवळलेली असेल, तर हा सेंटिमीटर जाणार कुठे? सगळा ताण जोडावर येतो, त्यात इंजिनाची थरथर. म्हणून मध्ये बेलो, म्हणजे घड्यांचा लवचीक तुकडा लागतो, आणि वरचा आधार नळीला थोडं सरकू देणारा हवा. ते नसेल तर ठिगळाला अर्थ नाही.

गळती शोधायला डोळे पुरतात. फ्लँजच्या, म्हणजे नळीच्या जोडावरच्या चकतीच्या, कडेला पंख्यासारखी पसरलेली काजळी दिसते. बारीक गळती असेल, तर गार इंजिन सुरू करून लगेच जोडावर साबणाचं पाणी लावावं, बुडबुडे येतात.

काजळी दिसते, कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही. त्याला वासही नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. डिझेलच्या धुरात तो पेट्रोलपेक्षा कमी असतो, हे खरं. पण पापलेटमागे दिवसचे दिवस दर्यात राहणारे खलाशी वारा-पाऊस आला की दारं-झडपा लावून आतच झोपतात. अशा वेळी डोकं जड झालं, मळमळलं, तर बोट लागली असं वाटतं. जन्म दर्यावर गेलेल्या माणसाला एकाएकी बोट कशी लागेल? तांडेलाने आधी झडपा उघडाव्यात, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणावं, इंजिन बंद करून मग नळी पाहावी.

दुरुस्तीसाठी फ्लँज उघडली, तर तिच्यातली पॅकिंग मात्र नवीच घालावी. एकदा दबलेली पुन्हा धरत नाही. आणि नवी पॅकिंगही पहिल्या उष्णतेने थोडी बसते, म्हणून इंजिन एकदा तापून निवल्यावर फ्लँजचे बोल्ट परत आवळायचे.