चाळीस हजार डॉलर आणि पन्नास तंतुवाद्यं

हिचकॉकच्या ‘सायको’च्या सुरुवातीच्या भागात एक लांबलचक प्रसंग आहे आणि त्यात डोळ्यांना दिसेल असं जवळजवळ काहीच घडत नाही. मॅरियन क्रेन ही तरुणी मालकाच्या गिऱ्हाइकाने दिलेले चाळीस हजार डॉलर घेऊन फिनिक्समधून पळाली आहे आणि गाडी चालवते आहे. तिचा चेहरा, समोरचा रस्ता, अंगावर येणारे दिवे, मग पाऊस. हा प्रसंग एकदा आवाज पूर्ण बंद करून पाहावा. कामावरून दमून घरी निघालेली कुणीही बाई वाटेल ती. मग आवाज सुरू करून तोच प्रसंग पुन्हा पाहा. व्हायोलिनचे गज तुटक, घाईघाईने तारांवर आपटू लागतात आणि तीच बाई आता पळते आहे, घाबरली आहे, मागे फिरावं की नाही या विचाराने पोखरली जाते आहे. मधूनमधून तिच्या डोक्यातले आवाज ऐकू येतात हे खरं, पण ते थांबतात तेव्हाही आपली धडधड थांबत नाही.

पार्श्वसंगीत कसं काम करतं हे समजून घ्यायला मला याहून चांगली जागा माहीत नाही. चित्रात जे दिसतंय तेच संगीताने पुन्हा सांगितलं तर ते वाया गेलं. चित्रात जे नाही ते सांगणं हे त्याचं काम. आणि हे काम प्रतिभेइतकंच गणिताचं, मोजमापाचं आणि घासाघिशीचंही असतं.

‘सायको’ 1960चा. संगीतकार बर्नार्ड हर्मन. 1941च्या ‘सिटिझन केन’पासून चित्रपटांत आलेला, फटकळ म्हणून प्रसिद्ध असलेला हा माणूस तोवर हिचकॉकसाठी ‘व्हर्टिगो’ आणि ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ करून बसला होता. चित्रपट संकलित झाला, म्हणजे कुठला शॉट किती लांब हे पक्कं झालं, की संगीतकाराचं काम सुरू होतं. दिग्दर्शक, संगीतकार आणि संकलक चित्रपट रीळ रीळ करून पाहतात आणि ठरवतात : संगीत इथे सुरू, इथे बंद. ऐकायला किरकोळ वाटतं, पण चित्रपटाचं निम्मं भवितव्य या बैठकीत ठरतं. पात्र रडू लागल्यावर संगीत आलं तर ते सांत्वन करतं. तेच संगीत रडण्याच्या दोन सेकंद आधी आलं तर प्रेक्षकाला पात्राच्याही आधी दुःख कळतं. सूर तेच, अर्थ वेगळा.

जागा ठरल्या की प्रत्येक तुकड्याची वेळ मोजली जाते. त्या काळची 35 मिलिमीटरची फिल्म सेकंदाला 24 चौकटींच्या वेगाने धावायची. एका फुटात 16 चौकटी, म्हणजे मिनिटाला 90 फूट. दार कधी उघडलं, नजर कधी वळली, वाक्य कुठे संपलं याची सेकंदाच्या अपूर्णांकांपर्यंतची यादी संगीतकाराच्या हातात येते आणि तो त्या यादीत आपली लय बसवतो.

हे बसवणं जरा जवळून पाहू. मिनिटाला 1440 चौकटी जातात. दर 12 चौकटींना एक ठोका धरला तर मिनिटाला बरोबर 120 ठोके, म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक. समजा, दार साडेवीस सेकंदांनी उघडतं. चार-चार मात्रांच्या आवर्तनांनी निघालो तर विसाव्या सेकंदाला दहा आवर्तनं पूर्ण होतात आणि दार उघडतं ते अकराव्या आवर्तनाच्या दुसऱ्या मात्रेवर. संगीतकाराला ते समेवर हवं आहे. मग लय किंचित उतरवायची. ठोका 12 ऐवजी सव्वाबारा चौकटींचा केला, की चाळीस मात्रांना 490 चौकटी लागतात. दार 492व्या चौकटीला उघडतं. फरक दोन चौकटींचा, सेकंदाच्या बाराव्या भागाइतका. प्रेक्षकाला सम दारावरच पडल्यासारखी वाटते. आपल्याकडे तबलजी आणि गवई एकमेकांकडे बघत समेवर येतात. इथे समोरची बाजू फिल्मची असते आणि ती कुणासाठी थांबत नाही.

असे ठोके वादकांच्या कानात हेडफोनवरून टिकटिकत ठेवायचे, याला क्लिक ट्रॅक म्हणतात. तो हॉलिवूडमध्ये तीसच्या दशकातच रुळला. 1933च्या ‘किंग काँग’चे संगीतकार मॅक्स स्टायनर यांना त्याचा फार उपयोग झाला. पण टिकटिकीवर वाजवलेलं संगीत कधीकधी ताठ होतं, श्वास घेत नाही. म्हणून दुसरीही एक रीत होती. फिल्मवरच तिरकी रेघ ओरखडायची. प्रोजेक्टरवर ती रेघ पडद्याच्या एका कडेकडून दुसरीकडे सरकताना दिसते आणि पलीकडे पोचताच, चौकटीत पाडलेल्या भोकामुळे, पांढरा ठिपका लखकन चमकतो. वादक पडद्याकडे पाठ करून बसलेले, संचालक पडद्याकडे तोंड करून उभा. रेघ निघाली की त्याला कळतं, आता दोन सेकंद उरले. मधल्या मात्रा तो हातानेच किंचित ओढतो किंवा आवरतो. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या संगीत विभागाचे प्रमुख आल्फ्रेड न्यूमन यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. मला हीच अधिक आवडते, कारण तिच्यात माणसाच्या हाताला जागा आहे.

आता पुन्हा मॅरियनच्या गाडीत बसू. इथे वाजतं ते चित्रपटाच्या श्रेयनामावलीचंच संगीत. हर्मनने आख्ख्या ‘सायको’साठी फक्त तंतुवाद्यं वापरली : व्हायोलिन, व्हिओला, चेलो, डबल बास, मिळून पन्नासच्या घरात वादक. पितळी वाद्यं नाहीत, बासरी-क्लॅरिनेट नाहीत, ढोलही नाहीत. चित्रपट कृष्णधवल, म्हणून संगीतही एकरंगी, असं त्याचं म्हणणं होतं. भयपटात तोवर झांजा आणि तुताऱ्यांचा जो सुकाळ असे, तो डोळ्यांसमोर आणला की हा निर्णय किती धाडसी होता ते समजतं.

सुरुवातीचा जो तीक्ष्ण स्वरसमूह पुन्हा पुन्हा आदळतो, त्याची घडण आपल्या सरगमीत सांगता येते : सा, कोमल गंधार, पंचम आणि शुद्ध निषाद. पटदीप ऐकणाऱ्यांना हे स्वर ओळखीचे वाटतील. रागात ते एकामागून एक येतात, निषाद षड्जाकडे ओढ घेतो, पोचतो, आणि कानाला सुटका मिळते. हर्मन चारही स्वर एकाच वेळी वाजवतो. निषादाला षड्जाकडे जायचंय आणि षड्ज तर आधीच तिथे वाजतो आहे, त्यामुळे जायला जागाच नाही. ओढ कायम, सुटका नाही. मॅरियनची अवस्था नेमकी हीच आहे आणि गाडीत ती स्वतः त्याबद्दल एक शब्दही उच्चारत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे लांब चाल नाही. हर्मन एका-दोन आवर्तनांचे छोटे तुकडे घेतो आणि ते फिरवत राहतो. प्रेक्षक अर्ध्याच कानाने ऐकत असतो, म्हणून छोटा तुकडा अधिक कामाचा, असा त्याचा युक्तिवाद होता. त्याला व्यवहाराचीही बाजू आहे. लांब चाल मध्येच तोडली तर कान तक्रार करतो. छोटा तुकडा मात्र शॉट संपेल तिथे थांबवता येतो. वाद्यवृंदाची रचनाही, म्हणजे कुठल्या वाद्याने काय वाजवायचं हेही, हर्मन स्वतःच करायचा. हॉलिवूडमध्ये हे काम सर्रास दुसऱ्याकडे सोपवलं जाई. मुंबईच्या स्टुडिओंमध्येही स्वरलेखनाची आणि वाद्यवृंदाच्या रचनेची मोठी बाजू सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या अरेंजरनी पेलली. जुन्या हिंदी चित्रपटांतल्या व्हायोलिनच्या लाटा ऐकताना ही नावं आठवायला हवीत, कारण श्रेयनामावलीत ती फार कमी दिसतात.

सगळंच संगीत असं चौकटी मोजून होत नाही, हेही सांगायला हवं. ‘पथेर पांचाली’चं संगीत रविशंकरांनी एका रात्रीच्या बैठकीत ध्वनिमुद्रित केलं. तिथे लेखणीपेक्षा बोटांची तयारी आणि सत्यजित राय यांची संकलनातली नजर कामाला आली.

आणि आता न्हाणीघर. हिचकॉकने हर्मनला सांगितलं होतं की मोटेलच्या न्हाणीघरात होणाऱ्या मॅरियनच्या खुनाला संगीत नको. हर्मनने तरीही लिहिलं. नुसतं दृश्य आणि संगीतासह दृश्य अशा दोन्ही गोष्टी ऐकून-पाहून झाल्यावर हिचकॉकने आपलं मत बदललं. त्या तुकड्याची ताकद केवळ त्या किंकाळीसारख्या स्वरांत नाही. व्हायोलिनच्या घोडीवर एक छोटा चिमटा बसवतात, त्याला म्यूट म्हणतात. त्याने आवाज दबका, धुरकट होतो. ‘सायको’त जवळजवळ सर्वत्र हर्मन वादकांना हा चिमटा लावायला लावतो आणि खुनाच्या वेळी तो काढून टाकतो. म्हणजे पाऊण तास आपले कान दबक्या तारांना सरावलेले असतात. त्यात भर म्हणजे मॅरियन न्हायला जाते तेव्हा संगीत पूर्ण थांबलेलं, फक्त पाण्याचा आवाज. पडदा बाजूला ओढला जातो आणि चिमटा काढलेल्या तारा सगळ्यात वरच्या पट्टीत, गज आपटत, घसरत किंचाळतात. मग वार थांबतात, खालच्या पट्टीतले चेलो आणि बास जडपणे ओरबाडतात, आणि पुन्हा उरतं ते पाणी. आधीची शांतता काढून टाकली तर या किंकाळीचं निम्मं बळ जाईल.

शेवटचा टप्पा ध्वनिमिश्रणाचा. संवाद, पावलं, वारा आणि संगीत एकाच पट्टीवर आणताना संवाद सगळ्यांत आधी, हा नियम. माणसाच्या आवाजाच्या पट्टीत घुटमळणारी ओबोची चाल संवादाशी भांडते आणि मग मिश्रण करणारा तिचा आवाज कमी करतो. जाणता संगीतकार म्हणूनच बोलणं चालू असताना खाली लांब स्वर धरून ठेवतो आणि वाक्य संपलं की हळूच चाल पुढे आणतो. ‘व्हर्टिगो’त हर्मनची चैन आहे. जेम्स स्टुअर्ट सॅन फ्रान्सिस्कोभर किम नोव्हाकचा पाठलाग करतो, फुलांचं दुकान, दफनभूमी, चित्रदालन. मिनिटामागून मिनिटं संवाद जवळपास नाहीत, आणि सगळी कथा वाद्यवृंद सांगतो.

संगीत कुठे नको, हे ठरवणं मला सगळ्यात अवघड कला वाटते. ‘द बर्ड्स’ या 1963च्या चित्रपटात नेहमीचं पार्श्वसंगीत नाहीच. पक्ष्यांचे आवाज विजेवर चालणाऱ्या वाद्यातून तयार केले आणि हर्मनचं काम ध्वनी-सल्लागाराचं होतं. पण त्याच्या कितीतरी आधी, 1937 साली, पुण्यात ‘प्रभात’ने ‘कुंकू’ केला होता. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचं, संगीत केशवराव भोळे यांचं. प्रसंगांखाली वाद्यवृंदाची शाल पांघरायची नाही, घरातले खरे आवाजच ऐकू द्यायचे, असं तिथे ठरलं. आपल्याकडे बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झालेली, संगीत नाटकाचा वारसा ताजा, आणि तेव्हा हा संयम. शांता आपट्यांची नीरा म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरात वावरते तेव्हा तिच्या बाजूने बोलायला एकही व्हायोलिन नसतं. भिंतीवरचं घड्याळ मात्र सगळ्या घराला ऐकू येत राहतं.

‘सायको’ पाहिल्यावर लगेच ‘कुंकू’ पाहावा, आणि दोन्ही वेळा हातात कागद-पेन्सिल ठेवावी. संगीत सुरू झालं की खूण, थांबलं की खूण. ‘कुंकू’च्या कागदावर गाणी वगळता फारशा खुणा होणार नाहीत, म्हणून तिथे घड्याळाच्या खुणा करा : कुठल्या प्रसंगात ते ऐकू येतं, आणि त्या वेळी खोलीत कोण आहे.