नंदीच्या पायथ्याची नदी कुठे गेली?

बंगळूरच्या बसवनगुडीत कार्तिक महिन्याच्या शेवटच्या सोमवारी भुईमुगाच्या शेंगांची मोठी जत्रा भरते. कन्नडमध्ये तिला 'कडलेकायी परिशे' म्हणतात. पूर्वी इथे शेते होती आणि कोणी एक बैल रात्री येऊन शेंगा खाऊन जाई, म्हणून शेतकऱ्यांनी पहिले पीक नंदीला वाहण्याचा नेम धरला, अशी आख्यायिका सांगतात. देवळातला एकाच खडकातून कोरलेला प्रचंड नंदी पाहायला हजारो लोक येतात. पण याच नंदीच्या पायापासून एक नदी निघते, ही श्रद्धा आता थोड्यांच्याच ध्यानी असते. वृषभ म्हणजे बैल, म्हणून नदीचे नाव वृषभावती.

आज ती पाहायची असेल तर म्हैसूर रस्त्यावर जावे लागते. तिथे तिला नदी म्हणायला कोणी धजत नाही. नाक दाबून वाहने पुढे निघतात.

एवढे आखीव शहर, त्यात बसवनगुडीसारखा नेटका भाग, आणि तिथल्याच नदीची ही दशा कशी झाली? याचे उत्तर एका खात्याच्या दारात सापडत नाही. तीन-चार कार्यालयांचे उंबरठे ओलांडावे लागतात.

बसवनगुडीचा जन्मच मुळी आरोग्याच्या काळजीतून झाला. १८९८ साली बंगळुरात प्लेग आला. जुन्या पेठेतल्या दाटीतून लोकांना मोकळ्या जागी नेणे भाग पडले आणि बसवनगुडी व मल्लेश्वरम या नव्या वसाहती झपाट्याने वसल्या. रुंद रस्ते, घराभोवती मोकळी जागा आणि घरांच्या मागच्या बाजूंमधून सफाई कामगारांसाठी अरुंद बोळ, अशी ती रचना होती. मैला डोक्यावरून नेण्याचे दिवस गेले, बोळ मात्र काही ठिकाणी अजून आहेत.

पाणी येते चढून, जाते उतरून

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे आणि जवळपास मोठी नदी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेसरघट्ट्याहून आणि १९३३ पासून तिप्पगोंडनहळ्ळीच्या जलाशयातून पाणी येऊ लागले. दोन्ही जलाशय अर्कावती नदीवरचे. शहर वाढले तसे तेही पुरेना. १९६४ साली पाणीपुरवठा व मलनिस्सारणासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले आणि १९७४ मध्ये कावेरीचे पाणी शहरात पोहोचले. सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून, जवळपास ५०० मीटर उंच चढवून हे पाणी आणावे लागते. मंडळाच्या खर्चाचा मोठा वाटा त्यामुळे विजेच्या बिलातच जातो. १६ ऑक्टोबर २०२४ रोजी पाचव्या टप्प्याचे उद्घाटन झाले. त्यातून दररोज ७७.५ कोटी लिटरची भर पडण्याची सोय झाली.

आता या पाण्याचा परतीचा प्रवास पाहू या. स्वयंपाकघराच्या मोरीतून आणि न्हाणीघरातून ते बाहेर पडते. ते भुयारी वाहिनीतून शुद्धीकरण केंद्रात जायला हवे, आणि बरेचसे जातेही. पण जिथे वाहिनी तुटली, तुंबली किंवा घातलीच गेली नाही, तिथे सांडपाणी पावसाच्या नाल्याला मिळते. या नाल्यांना इथे 'राजकालुवे' म्हणतात. तळ्यांना तळी जोडणारे हे जुने ओहोळ. राजकालुवेतून ते वृषभावतीत, तिथून अर्कावतीत आणि शेवटी संगमाजवळ पुन्हा कावेरीत जाते. म्हणजे ज्या नदीचे पाणी एवढा खर्च करून वर चढवले, तिलाच ते घाण करून परत मिळते!

खरा तिढा इथेच आहे. सांडपाण्याची वाहिनी पाणी मंडळाची, पावसाचा नाला महापालिकेचा आणि दोन्हींतले पाणी तपासणार प्रदूषण नियंत्रण मंडळ. नाल्यात मैला दिसला की पालिका वाहिनीकडे बोट दाखवते, आणि नाल्यातल्या कचऱ्याने वाहिनी तुंबली की पाणी मंडळ पालिकेकडे. नागरिकाला यातले काहीच दिसत नाही. त्याला फक्त वास येतो.

प्रदूषण नियंत्रण मंडळ करते तरी काय? ठरलेल्या ठिकाणांहून पाण्याचे नमुने घेतले जातात आणि प्रयोगशाळेत त्यातला विरघळलेला प्राणवायू मोजला जातो. त्यातली घाण कुजवायला जीवाणूंना किती प्राणवायू लागतो, तेही पाहिले जाते. त्यावरून पाण्याला 'अ' ते 'ई' अशी प्रत मिळते. आंघोळीयोग्य पाण्यात लिटरमागे निदान पाच मिलिग्रॅम प्राणवायू हवा आणि जीवाणूंची मागणी तीन मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. वृषभावती या कसोटीच्या जवळपासही येत नाही. २०२१ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने नदीच्या पुनरुज्जीवनाचा अभ्यास नागपूरच्या 'नीरी' या संस्थेकडे सोपवला होता. मोजमाप होत नाही, असे म्हणता येणार नाही. मोजल्यानंतर कोणी हलायचे, हा प्रश्न आहे.

आणि हा प्रश्न बिडदीजवळच्या शेतकऱ्याचा तेवढाच शहरातल्या गृहिणीचाही आहे. तिथला भैरमंगला जलाशय शेतीसाठी बांधला गेला. त्यात आता वृषभावतीचे फेसाळ पाणी येते. या खोऱ्यात पिकणाऱ्या भाज्यांत जड धातू आढळल्याचे निरनिराळ्या अभ्यासांत दिसून आले आहे. भाजी बाजारात येते ती कुठल्या पाण्यावर वाढली, हे पालकाच्या जुडीवर लिहिलेले नसते.

छपरावरचे धरण

२०२४ च्या मार्चमध्ये शहराची परीक्षाच झाली. सुमारे १४ हजार सार्वजनिक कूपनलिकांपैकी निम्म्या आटल्या. उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांनी आपल्या घरची कूपनलिकाही कोरडी पडल्याचे सांगितले. पिण्याच्या पाण्याने गाडी धुतल्यास वा बागेला पाणी घातल्यास पाच हजार रुपये दंड जाहीर झाला आणि टँकरचे दरही प्रशासनाला बांधून द्यावे लागले. कावेरीचे नळ असलेल्या बसवनगुडीसारख्या जुन्या भागांपेक्षा २००७ मध्ये शहरात सामील झालेल्या ११० खेड्यांना त्याची झळ जास्त बसली.

बंगळुरात वर्षाला सरासरी ९७० मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर तो सुमारे ९० हजार लिटर होतो. गळती-सांडणी वजा जाता ७० हजार हाती लागले, तरी माणशी रोज १३५ लिटर या हिशेबाने चौघांच्या कुटुंबाला चार महिने पुरावेत. एवढी टाकी कोण बांधणार, असे कोणी विचारेल. बांधायला नकोच, उरलेले पाणी शोषखड्ड्यात सोडावे. २००९ साली पाणी मंडळाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ४० बाय ६० फुटांच्या भूखंडावरील जुन्या घरांना व ३० बाय ४० च्या नव्या घरांना पावसाचे पाणी साठवणे किंवा मुरवणे सक्तीचे झाले. न करणाऱ्यांच्या पाणीबिलात दंड जोडला जातो. गंमत अशी, की हजारो घरमालक निमूटपणे दंड भरतात, पण पन्हळीला नळी लावत नाहीत.

कचऱ्याचे काम त्या मानाने पुढे सरकले आहे. ओला, सुका आणि घातक असा तिहेरी कचरा घरातच वेगळा करण्याचा आग्रह उच्च न्यायालयाने २०१२ पासून धरला. मावळ्ळीपुरा आणि मंडूर या गावांनी शहराचा कचरा नाकारला, तेव्हा कुठे शहराला जाग आली. पहाटे रस्ते झाडणाऱ्या पौरकार्मिकांना मात्र कायम नोकरीसाठी २०२२ साली संपावर जावे लागले.

२ सप्टेंबर २०२५ पासून एका महापालिकेच्या जागी पाच महापालिका आल्या असून त्यांच्यावर बृहत बंगळूर प्राधिकरण आहे. पाणी मंडळ वेगळेच राहिले आहे. त्यामुळे गटार तुंबल्याची तक्रार करताना आधी एवढे पाहून घ्यावे : पाणी भुयारी वाहिनीच्या झाकणातून वर येत असेल, तर पाणी मंडळाचा १९१६ हा क्रमांक फिरवावा. रस्त्याकडेचा पावसाचा नाला भरला असेल, तर पालिकेच्या वॉर्ड कार्यालयात जावे. पन्हळ कशी जोडायची ते पाहायचे असेल, तर बसवनगुडीहून जवळच जयनगरच्या पाचव्या ब्लॉकमध्ये मंडळाने सर विश्वेश्वरय्यांच्या नावे पर्जन्यजल संकलनाचे उद्यान उभारले आहे. तिथे निरनिराळ्या रचना प्रत्यक्ष मांडून ठेवल्या आहेत.